ऑस्करचा फडशा पाडायला लेटरबॉक्स्ड
सोहळ्याआधी ऑस्करची सगळी नामांकनं बघायची तर बघितलेल्या सिनेमांची नोंद ठेवणारं लेटरबॉक्स्ड हे अ‍ॅप हाताशी हवंच. नामांकनांची तयार यादी उघडली की किती टक्के बघून झालं ते दिसतं. एकच सिनेमा अनेक विभागांत असतो, त्यामुळे विभागवार मोजलं की हिशेब फुगतो. इथे प्रत्येक सिनेमा एकदाच धरला जातो. कुठे बघायचं ही माहिती जस्टवॉचची (कोणता सिनेमा कोणत्या ओटीटीवर आहे ते सांगणारी सेवा). देश चुकीचा निवडलेला असेल तर ती निरुपयोगी. आपल्याकडच्या ओटीटींनुसार यादी गाळणं मात्र पैसे भरणाऱ्यांनाच.

खरी दमछाक लघुपटांची. तीन विभाग, प्रत्येकी ५, म्हणजे १५. काही यूट्यूबवर फुकट सापडतात, काही सोहळा झाला तरी सापडत नाहीत. सुरुवात तिथूनच करा. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे १० तुलनेने सोपे. (२०२६पासून ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या मतदारांनाही विभागातले सगळे सिनेमे बघितल्याशिवाय अंतिम मत देता येत नाही!)