पंपाच्या ‘स्मार्ट’ डब्यात सोसायटीचे २४,७०० गेले

ऐरोली-घणसोलीकडच्या सोसायट्यांनो, पाण्याच्या टाकीचा ‘स्मार्ट कंट्रोलर’ बसवून देतो म्हणत एक जण फिरतोय. आमच्याकडून त्याने १८,५०० घेतले. ११,००० आगाऊ, ७,५०० बसवल्यावर. नंतर एका रात्री रिले, म्हणजे मोटर चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच, सुटलाच नाही, खालची टाकी आटली आणि मोटर कोरडी फिरून जळाली. रिवाइंडिंगचे ६,२०० वेगळे.

डबा उघडला आमच्या विंगमधल्या डिप्लोमाच्या मुलाने. आत आर्डुइनो नॅनो, म्हणजे प्रोग्राम भरायचा छोटा तयार बोर्ड. एका पिनेला रिले ओढवेना म्हणून शेजारच्या दोन पिना सोल्डरने एकत्र केलेल्या आणि वायर थेट रिलेच्या कॉइलला. करंट पेलायला ट्रान्झिस्टर नाही, कॉइलचा झटका पचवायला डायोड नाही. कोटेशनात ‘ऑप्टो आयसोलेशन’ (दोन सर्किटं प्रकाशाने जोडून विजेने वेगळी ठेवणारी चिप) लिहिलंय, बोर्डावर त्या जागी चार रिकामी भोकं! ५ व्होल्टचा तो निळा रिले ७० मिलीॲम्पच्या आसपास घेतो. नॅनोवरच्या एटीमेगा३२८ चिपच्या पिनेची शेवटची मर्यादा ४०, रोजच्या वापराला २० च. शिवाय रिले सुटताना कॉइल उलट्या व्होल्टेजचा दणका देते. डायोड नसला की तो पिनेवरच बसतो. पिना मेल्या त्या ‘चालू’वर चिकटूनच. प्रोग्राम म्हणतोय बंद, मल्टिमीटर दाखवतोय साडेचार व्होल्ट. बीसी५४७ ट्रान्झिस्टर, एक किलोओहमचा रेझिस्टर आणि १एन४००७ डायोड, तिन्ही मिळून दहा रुपयांच्या आत येतात. तेवढेही या नालायकाने खर्च केले नाहीत.

बसवत होता तेव्हाच रिले टक् झाला की डिस्प्ले विझायचा आणि पहिल्यापासून सुरू व्हायचा. मी विचारलं, तर म्हणे, “काका, तुमच्याकडे व्होल्टेज अप-डाउन आहे.” झाकण उघड म्हटलं, तर सील तुटलं की वॉरंटी गेली. तिथेच त्याची मानगूट धरायला हवी होती, हे आठवलं की अजून झोप उडते. पण मी बँकेत नोकरी केलेला माणूस. पाणी वर चढताना डोळ्यांनी दिसतंय, सगळे खाली उभे राहून बघतायत, अशा वेळी कोण कॉइलचा करंट मोजतं?

चौकीत आधी साहेब नव्हते. मग, “वस्तू दिली ना? दिवाणी मामला आहे.” सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्हीच पाठवलेत, ओटीपी कुठे चोरलाय? बँकेचंही तेच छापील उत्तर. यूपीआयवर त्याचं नाव आहे, मोबाइल नंबर आहे, डबा घेऊन गेटातून येताना तो सीसीटीव्हीत दिसतोय. अजून काय द्यायचं, माणूस बांधून आणायचा? अर्जाची पोच मागितली तर शिक्का कपाटात आणि किल्ली साहेबांकडे. आणि जनरल बॉडीत जाब मात्र मला विचारतात.

पक्कं जीएसटी बिल नसेल तर एक रुपया सोडू नका. झाकण उघडत नसेल त्याला गेटवरूनच परत पाठवा. पिन आणि रिलेच्या मध्ये ट्रान्झिस्टर किंवा यूएलएन२००३ (तेच काम करणारी चिप) हवाच. सुटा ट्रान्झिस्टर असेल तर कॉइलवर डायोड, त्याच्या पट्टीचं टोक प्लसकडे. वीज घालवून परत आणा. सुरू होताना रिले आपोआप वाजला तर डबा घेऊ नका. ड्राय रनचं, म्हणजे मोटर कोरडी फिरू नये याचं, संरक्षण वेगळं मागा. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, मी तिथे जातोय. ज्यांनी त्याच्याकडून डबा घेतलाय त्यांनी कोटेशन आणि पेमेंटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा, आणि आज रात्रीपासून पंपाचा मेन स्विच हाताने बंद करा.