कामाचा किल्ट : आठ महिने रोज घातल्यावर

किल्ट म्हणजे स्कॉटलंडमधले पुरुष कमरेला गुंडाळतात तो गुडघ्यापर्यंतचा, मागे निऱ्या असलेला घागरा. माझा मार्चमध्ये घेतलेला, आता नोव्हेंबर चालू आहे. स्कॉटलंडमध्ये इन्व्हरनेस शहराच्या बाहेर राहतो, मागे थोडी जमीन, चार कोंबड्या आणि स्टोव्हसाठी लाकडं फोडणं हे कायमचंच. लग्नाबिग्नात घालतात तो लोकरीचा नाही हं, त्याला आठ वार कापड लागतं (नऊवारीपेक्षा एकच वार कमी!), माझा जाड कॅनव्हासचा, बाजूला मोठे खिसे असलेला. आईने व्हिडिओ कॉलवर बघून पहिलं काय विचारलं तर "निऱ्या मागे कशा रे? आणि कासोटा कुठाय?"

सगळ्यात मोठा फायदा पावसात. इथे धो धो पडत नाही, दिवसभर नुसतं भुरभुरत असतं, ओल्या गवतातून गेलं की जीन्स गुडघ्यापर्यंत भिजते आणि मग ती गार जीन्स संध्याकाळपर्यंत पायाला चिकटून बसते. आता गमबूट आणि वर उघडे गुडघे, आत आलो की टॉवेलने पुसले, संपलं. लाकडं फोडताना पाय फाकवून उभं राहायला, उकिडवं बसायला काहीही अडत नाही, गावाकडे पंचा नेसून शेतात वावरायचो तसंच.

पण बटाटे लावायला गुडघ्यावर बसलो आणि उठताना पुढचा पदर पायाखाली आला, सरळ वाफ्यात तोंडावर! आता बसण्याआधी तो वर ओढून घेतो. खाली खडी असेल तर गुडघ्यांचं काही खरं नाही, जुनी उशी घेऊन फिरतो. शिडीवर चढायचं असेल तर आत सायकलिंग शॉर्ट्स मस्ट, शेजारी शिडी धरून वर बघत होता तेव्हा हे कळलं. वाऱ्याला मात्र कॅनव्हासच्या निऱ्या बऱ्यापैकी दाद देत नाहीत, त्यांचं वजनच तेवढं आहे.

धुणं हा वैताग. मशीनमधून निऱ्या चुरगळून निघतात, ओल्या असतानाच एकेक बसवून चिमटे लावून वाळत घालायचा, तरी वर इस्त्री अर्धा तास.

आणि गोचीड. नेच्याच्या झुडपांतून गेलं की रात्री गुडघ्याच्या मागे बघायचंच, त्यांच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम रोगाची भीती असते, दोनदा सापडलेत, बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायचे, पिळायचे नाहीत. मिजेस तर विचारू नका. डोळ्याला धड न दिसणारी चिलटं, वारा पडला की ढगासारखी येतात आणि निऱ्यांच्या आतपर्यंत पोचतात. जुलै-ऑगस्टच्या संध्याकाळी कोंबड्या कोंडायला मी गपचूप पँट चढवून जातो.