क्लास ४२३ ‘फोर-व्हेप’ आणि क्लास ७००: सहा-सात महिने चालवल्यानंतरचा अनुभव

परवा माझा आगगाडी चालवायचा कॉम्प्युटर गेम अपडेट झाला आणि जुन्या गाडीची सगळी दारं पुन्हा एकाच क्षणी आपटायला लागली. त्याच रागात हे लिहायला बसलोय, भाषा तिखट वाटली तर सांभाळून घ्या. गेमचं आणि ॲडऑनवाल्यांचं (म्हणजे गेमला जोडायच्या गाड्या वेगळ्या विकणाऱ्यांचं) नाव लिहीत नाही, कारण तक्रार अजून त्यांच्या दारात पडून आहे.

लंडन-ब्रायटन मार्ग माझ्याकडे आधीपासून होता. त्यावर चालवायला तिकडच्याच विजेवरच्या दोन उपनगरी गाड्या घेतल्या. एक क्लास ४२३, म्हणजे १९६७ पासून बनलेली ‘फोर-व्हेप’. दुसरी सीमेन्सची क्लास ७००, जी २०१६ मध्ये थेम्सलिंकवर, म्हणजे लंडनच्या पोटातून उत्तर-दक्षिण जाणाऱ्या सेवेवर, धावायला लागली. दोन्ही सेलमध्ये घेतल्या. पूर्ण किमतीत ॲडऑन घेणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण मी त्यातला नाही. स्पेसिफिकेशन सगळ्यांना ठाऊक आहेत, ते उगाळत नाही.

आता दारं. व्हेपमध्ये बाकांच्या प्रत्येक रांगेला दोन्ही बाजूंना स्वतंत्र दार असतं, हाताने उघडायचं आणि हाताने आपटायचं. बारा डब्यांची गाडी असेल तर एका बाजूची दारं शंभराच्या घरात जातात. मी हे प्रत्यक्ष ऐकलंय. २००४ मध्ये ऑफिसने काही महिने दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडनला पाठवलं होतं, तेव्हा ईस्ट क्रॉयडनच्या फलाटावर दोन्ही पिढ्यांच्या गाड्या यायच्या. सरकत्या दारांच्या नव्या इलेक्ट्रोस्टार, आणि या जुन्या. जुन्यांचे दिवस भरत आले होते. हे मार्क-१ म्हणतात त्या जुन्या बांधणीचे डबे सुरक्षेच्या नियमांमुळे काढायचं ठरलं होतं, आणि २००५ संपेपर्यंत मेन लाइनवरून ते गेले. लिमिंग्टनच्या छोट्या फाट्यावर त्यांची भावंडं तेवढी २०१० पर्यंत टिकली.

मी डोंबिवलीचा. दार बंद होणारी लोकल तोवर पाहिलीच नव्हती (आपली पहिली एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ ला सुरू झाली, तीही पश्चिम रेल्वेवर). क्रॉयडनचे लोक मात्र ओळखीचे वाटले. गाडी पुरती थांबायच्या आत दार उघडून एक पाय बाहेर! मग चढणारे चढायचे आणि दारं लागायला सुरुवात व्हायची. पुढच्या डब्यात एक, मागे तीन, मध्ये दोन, मग थोडी शांतता, मग उशिरा धावत आलेल्याचं एक. अर्धवट अडकलेलं एखादं दार फलाटावरचा कर्मचारी जाऊन ढकलायचा. मग गार्डचे दोन टोले, की गाडी निघाली. (दोन टोले म्हणजे निघा, हे मुंबईच्या मोटरमनलाही सांगावं लागणार नाही.) ही फटाक्यांची माळ असते. ॲडऑनवाल्यांनी सुतळी बॉम्ब दिलाय. पडद्यावरची प्रवासी चढ-उताराची पट्टी भरली की शंभर दारांचा मिळून एकच धडाम. तोही स्पीकर फाटेल असा.

कुणी म्हणेल, मोटरमनच्या केबिनमध्ये बसून दारांचं काय एवढं? इथेच माझं या मंडळींशी पटत नाही. उपनगरी गाडी चालवण्याचा अर्धा खेळ फलाटावर असतो. मालगाडीच्या ॲडऑनमध्ये तासभर घाट चढत राहा, चालेल. लोकलमध्ये दर तीन-चार मिनिटांनी थांबायचं, बरोबर खुणेवर थांबायचं, लोकांची वाट बघायची आणि वेळ गाठायची. नव्वदच्या दशकातल्या जपानी ‘डेन्शा दे गो’ या गेमने हे तेव्हाच ओळखलं होतं. तिथे गाडी खुणेच्या किती पुढे-मागे थांबली यावरच गुण मिळायचे. २००१ च्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरमध्येसुद्धा सहा मार्गांपैकी एक टोकियो-हाकोने होता, ओडाक्यू कंपनीचा, आणि त्यात साधी उपनगरी गाडी होती. वीसेक वर्षांनी आपल्याला खिडकीच्या काचेवर थेंबागणिक पाऊस मिळतो, पण सगळ्या दारांचा आवाज एकाच फायलीत.

एरवी व्हेप उत्तम बनवली आहे, हेही सांगितलं पाहिजे. वेगाच्या हँडलला चढत्या जोराच्या चार खाचा: शंट, सिरीज, पॅरलल, वीक फील्ड. हँडल एकदम शेवटच्या खाचेत टाकलं तरी आतला कॅमशाफ्ट (फिरता दांडा) आपल्याच चालीने वीज अडवणारा एकेक रेझिस्टन्स काढत जातो, आणि प्रत्येक पायरीचा बारीक हिसका जाणवतो. चार डब्यांत एकच मोटर कोच, त्यात चार मोटर मिळून १,००० अश्वशक्ती. त्यामुळे चढावर गाडी धापा टाकते, तसं इथेही होतं. ब्रेक तर झकास. ईपी (इलेक्ट्रो-न्यूमॅटिक) ब्रेक म्हणजे हवेचाच, पण हुकूम विजेच्या तारेतून जातो, म्हणून सगळ्या डब्यांना एकाच वेळी लागतो. आपल्या लोकललाही हाच असतो. थांबायच्या जरा आधी तो हलका करत आणायचा, म्हणजे शेवटचा धक्का बसत नाही. हे जमायला मला बराच काळ लागला आणि जमल्यावर जे समाधान मिळालं ते ऑफिसात क्वचित मिळतं. ईपी बंद करून नुसत्या हवेवरच्या ऑटोमॅटिक ब्रेकवर चालवून बघा. ब्रेक लागायला वेळ घेतो आणि दोन-तीन डबे फलाटाबाहेर.

तर एवढ्या चांगल्या गाडीची दारं अशी. मी सपोर्टला लिहिलं. उत्तर आलं, फायली तपासा आणि पुन्हा इन्स्टॉल करा. केलं. काहीच फरक नाही. दरम्यान एका हौशी माणसाने फुकट वाटलेला आवाजांचा संच सापडला. त्यात दारांचे वेगवेगळे आवाज, मागेपुढे, कमीजास्त अंतराने. टाकला आणि ईस्ट क्रॉयडन परत आलं! दोन-तीन महिने सुखात गेले. मग परवाचं अपडेट, आणि त्याने तो संच पुसून आपला धडाम जागेवर बसवला. पुन्हा लिहिलं. या वेळचं उत्तर: ‘इतरांनी बदललेल्या फायलींची जबाबदारी आम्ही घेत नाही.’ अहो, तक्रार तुमच्या फायलीची आहे, त्या बिचाऱ्याची नाही! यावर ‘आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे’. सरकारी कचेरीत निदान विभाग कुठल्या मजल्यावर आहे ते तरी सांगतात.

आता क्लास ७००. सुरुवातीला या गाडीने साफ निराश केलं होतं. एकच दांडा: पुढे ढकला, पळते, मागे ओढा, थांबते. हिसका नाही, धाप नाही, ताशी १६० किमीपर्यंत मुकाट वेग घेत जाते. बारा डब्यांची गाडी जवळपास २४३ मीटर, तरी चालवताना वजन जाणवत नाही. पहिल्या आठवड्यात मी मित्राला कळवलं होतं की ही घेऊ नकोस, पैसे वाया. (तिकडच्या प्रवाशांची तक्रार कडक सीटची होती. केबिनमध्ये त्याचा त्रास नाही, माझी खुर्ची तशीही कडकच आहे.)

मत बदललं ते थेम्सलिंकचा लंडनमधला भाग असलेला दुसरा मार्ग स्वस्तात मिळाल्यावर. बेडफर्डकडून येताना गाडी वरच्या तारेवरच्या २५ केव्ही एसीवर चालते. नदीच्या दक्षिणेला वीज देणारा तिसरा रूळ, ७५० व्होल्ट डीसी. बदल फॅरिंग्डन-सिटी थेम्सलिंक या स्टेशनांच्या पट्ट्यात, गाडी फलाटाला उभी असताना. ॲडऑनमध्ये हे सगळं हाताने करावं लागतं. पँटोग्राफ (छपरावरचा, तारेतून वीज घेणारा सांगाडा) खाली, पडद्यावर सप्लाय बदलल्याची खूण येईपर्यंत थांबा, मग दारं, मग निघा. त्याच वेळी लोक चढताहेत आणि घड्याळ पळतंय. पँटो खाली न घेता पुढे गेलात तर गाडी जागेवर मरते आणि पुन्हा पहिल्यापासून. मला घाम फुटला. आपल्या मध्य रेल्वेवर डीसीचं एसी होत होतं त्या वर्षांत चालत्या गाडीत पंखे-दिवे गप्प व्हायचे आणि कुणी पेपरातून मानही वर करायचं नाही. पुढे मोटरमनच्या हाताखाली काय चाललंय याचा विचार मीही कधी केला नव्हता.

खऱ्या गाडीत सेंट पँक्रस ते ब्लॅकफ्रायर्स या मधल्या टप्प्यात २०१८ पासून एटीओ आहे, म्हणजे गाडी स्वतःच पळते आणि स्वतःच थांबते. ॲडऑनमध्ये ते नाही. काहींनी त्यावरून रिव्ह्यूमध्ये तारे कापलेत. मला विचाराल तर नकोच. पैसे मी भरायचे आणि गाडी कॉम्प्युटरने चालवायची, हा कुठला व्यवहार?

आणि दारं! क्लास ७०० ची दारं खरोखरच एकदम बंद होतात, बटण मोटरमनकडे असतं, गार्ड नसतो. तिथे या लोकांनी काय कलाकुसर केली आहे. केबिनमधल्या पडद्यांवर प्रत्येक डब्याच्या बाजूचं कॅमेऱ्याचं चित्र, आधी पीप-पीप, मग दारांच्या झडपा सरकताना किंचित मागेपुढे, शेवटी सगळी दारं लागल्याचा इंटरलॉकचा दिवा. एखाद्या दारात कुणी अडकलं तर ते पुन्हा उघडतंही. म्हणजे जमतं यांना. जुन्या गाडीला हे द्यावंसं वाटलं नाही, एवढंच.

घ्यायची कुठली? फक्त ब्रायटन मार्ग असेल तर व्हेप. ७०० तिथे कंटाळा आणते, निदान मला आणते. मधला लंडनचा भाग असेल तर ७०० पण घ्या, बदलाच्या त्या एका थांब्यासाठी. निम्म्या किमतीच्या वर दोन्ही घेऊ नका, वर्षातून तीन-चार वेळा सेल लागतोच. व्हेप घेतलीत तर ऑटो-अपडेट बंद ठेवा आणि ऑडिओचा फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करून ठेवा. मी आता तेच केलंय, हौशी संच पुन्हा टाकलाय.

पुढची नजर क्लास ३१९ वर आहे. १९८८ मध्ये थेम्सलिंक सुरू झाली ती याच गाड्यांनी, तार आणि तिसरा रूळ दोन्हींवर चालणाऱ्या, पण आवाज जुन्या पठडीतला. कुणाकडे असेल तर एवढं सांगा: तिचा सप्लाय बदलताना हाताने काही करावं लागतं, की एका कळीत सगळं उरकतं? कळीत उरकत असेल तर फुकटातही नको.