जुन्या वस्तीतलं घर की कडेचा टॉवर?

उपनगर झपाट्याने बदलतंय आणि मैत्रीण अडकली आहे: स्टेशनजवळच्या जुन्या इमारतीतलं घर घ्यावं, की गावाच्या कडेला नव्या टॉवरमधलं? माहितीपत्रकातली हिरवळ आधी बाजूला ठेवू.

खर्च. जुन्या घरात वायरिंग, पाइप, गळती पहिल्याच वर्षी खिशाला हात घालायला लावतात. टॉवरमध्ये हा खर्च लांबतो, टळत नाही. लिफ्ट साधारण २०-२५ वर्षांनी बदलावी लागते आणि ते बिल सगळ्यांत वाटलं जातं. तरणतलावाचा खर्च दरमहा, पोहणारे मात्र चारच!

शेजार. खरा फरक इथे. जुन्या वस्तीतली मुलं मोठी होऊन बाहेर पडतात, तीन खोल्यांत दोन म्हातारी माणसं उरतात. त्यामुळे घरं तेवढीच राहूनही लोकसंख्या घटते, शाळेचे वर्ग ओस पडतात. टॉवरमध्ये उलट. एकाच वयाची जोडपी एकदम येतात, काही वर्षांनी शाळाप्रवेशाची झुंबड उडते, आणि ३० वर्षांनी अख्खी इमारत एकदम निवृत्त होते.

प्रवासात जुनी वस्ती सरळ जिंकते.

लहान मुलं असतील, त्यांना सवंगडी हवे असतील, तर टॉवर. आईवडील सोबत असतील, सगळं पायी गाठायचं असेल, तर जुनं घर. पण लिफ्ट नसेल तर तळमजलाच बघ.