३७० एकरांत ५१० एकर: पूर्वज विकत घेतल्याची गोष्ट

माझे वडील सातारा जिल्ह्यात बत्तीस वर्षं तलाठी होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जेवढं हसायचं तेवढं हसून घ्या. ज्या घरात जेवतानासुद्धा फेरफार, वारसनोंदी आणि बांधावरची भांडणं यांच्याच गप्पा चालायच्या, त्या घरातल्या मुलीला एका माणसानं खोटं मृत्युपत्र दाखवून २,४५० डॉलरला गंडवलं.

मी ओहायोत, कोलंबसला राहते. नवरा इथलाच. सासूबाईंना (तोंडावर मी त्यांना नावानं हाक मारते, पण इथे लिहिताना हात धजत नाही) ऐंशीवं लागणार होतं आणि त्यांच्या मनात वर्षानुवर्षं एकच गोष्ट होती: विल्यमचा बाप कोण? विल्यम हा त्यांच्या माहेरचा मूळपुरुष. जन्म १७५८ च्या सुमाराचा, व्हर्जिनियातला. म्हातारपणी इथल्या रॉस काउंटीत येऊन वारला. त्याचा थडग्याचा दगड आहे, मृत्युपत्रही आहे. त्याच्या वर मात्र अंधार.

अंधार का, तेही सांगते. अमेरिकेच्या जनगणनेत घरातल्या प्रत्येक (गुलाम नसलेल्या) माणसाचं नाव पहिल्यांदा लिहिलं गेलं १८५० साली. त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकीची डोकी आकड्यांत. अठराव्या शतकातल्या व्हर्जिनियात सरकारी जन्मनोंद नव्हतीच म्हटलं तरी चालेल. मग उरतात मृत्युपत्रं आणि जमिनीचे कागद. कोणी कोणाला काय दिलं, कोणी कोणाला विकलं, यावरून नाती लावायची. मला तर हे ऐकूनच माहेरी आल्यासारखं वाटलं.

आडनावाची शोधाशोध चालू असताना पैसे घेऊन वंशावळी काढून देणाऱ्या एका माणसानं आपणहून निरोप पाठवला. त्याचं नाव इथे देत नाही, जिथे द्यायचं तिथे दिलंय. पंचवीस वर्षांचा अनुभव, व्हर्जिनियातल्या कोर्टांत नेहमीचं जाणं-येणं, असं म्हणाला. पहिले ४०० डॉलर घेतले आणि दोन आठवड्यांत सासूबाईंपासून विल्यमपर्यंतच्या सगळ्या पिढ्या पुराव्यांसकट मांडून दिल्या. मी एक-एक नोंद तपासली. सगळ्या खऱ्या! इथेच मी गेले. खऱ्या असणारच होत्या, कारण तो भाग कोणीही घरबसल्या, फुकटात काढू शकतो. गळाला लावलेला गांडूळ खराच असतो.

मग म्हणाला, विल्यमच्या वर जायचं तर शेनँडोआ खोऱ्यात, स्टॉन्टनच्या कोर्टात जावं लागेल. त्याचे ८५०. पुढे ‘महत्त्वाचं सापडलंय, पण सलग काम करावं लागेल’ याचे १,२००. क्रेडिट कार्ड चालत नाही, थेट बँकेतून पाठवा. पाठवले.

बदल्यात आलेला अहवाल अठ्ठावीस पानांचा होता. जाड पिवळसर कागद, वर लाल मेणासारखी मोहोर. (मोहोर कशाची, हे मी आजतागायत विचारलेलं नाही.) त्यातली कथा अशी: जॉन नावाचा माणूस उत्तर आयर्लंडहून पेन्सिल्व्हेनियात उतरला, तिथून दक्षिणेला खोऱ्यात आला. विल्यम बेव्हर्ली नावाच्या बड्या आसामीला १७३६ साली तिथे १,१८,४९१ एकरांची सनद मिळाली होती. ती जमीन तो तुकड्या-तुकड्यांनी विकत होता. आमच्या जॉननं १७४१ साली त्यातली ३७० एकर घेतली. १७६७ साली त्यानं मृत्युपत्र केलं. ते शब्दन् शब्द टंकून दिलेलं होतं. थोरल्याला वरच्या अंगाची २०० एकर, मधल्याला १७० एकर, तिसऱ्याला घोडा आणि रोख, दोन मुलींना गाई आणि अंथरुणं-पांघरुणं, बायकोला तिचा तिसरा हिस्सा. आणि शेवटी: ‘माझा धाकटा मुलगा विल्यम, सध्या अज्ञान, वयात आल्यावर त्यास खालच्या अंगाची १४० एकर.’

सासूबाई ते वाक्य वाचून रडल्या. आम्ही वंशवृक्ष छापून घेतला, चौकट केली, वाढदिवसाला दिवाणखान्यात लावला.

त्यानंतर महिन्याभरानं बाबांशी व्हिडिओवर बोलताना मी हौसेनं तो अहवाल मराठीत वाचून दाखवला. बाबांना त्यातलं मोजमाप फार आवडलं. तिकडे जमीन ‘पोल’मध्ये मोजत, एक पोल म्हणजे साडेसोळा फूट. बाबा म्हणाले, ‘म्हणजे दोन पोल म्हणजे तेहतीस फूट. अगं, तेहतीस गुणिले तेहतीस म्हणजे आपला गुंठा की!’ खरंच. चार चौरस पोलांचा एक गुंठा, एकशेसाठ चौरस पोलांचा एकर. चतुःसीमाही आपल्यासारख्याच. ओढ्याकाठच्या पांढऱ्या ओकापासून सुरुवात, अमुक दिशेला इतके पोल, अमक्याच्या हद्दीपर्यंत, तिथून परत पहिल्या ओकाशी. बाबा खुशीत होते. मग मृत्युपत्र आलं. ते ऐकताना हातातली सुपारी तशीच ठेवून म्हणाले,

‘एकूण क्षेत्र किती म्हणालीस?’

‘तीनशे सत्तर.’

‘आणि वाटप?’

मी खाली बघितलं. दोनशे, एकशे सत्तर. तीनशे सत्तर तिथेच संपले होते. वर एकशे चाळीस.

‘पाचशे दहा,’ बाबा म्हणाले. ‘क्षेत्राचा मेळ बसत नाही. आणि पोरगा अज्ञान होता ना? मग अपाक कोण लागला?’

सातबारावर ‘अ.पा.क.’ बघितलेल्यांना कळेल. अज्ञान पालन कर्ता. अल्पवयीन वारसाच्या नावावर जमीन चढली की त्याच्यापुढे पालकाचं नाव येतं. व्हर्जिनियातही एकवीस वर्षांखालच्याला ‘इन्फंट’ म्हणत, आणि बाप गेलेल्या अशा मुलाच्या नावे मालमत्ता असली की काउंटीचं कोर्ट पालक नेमायचं, त्याच्याकडून जामीनखत लिहून घ्यायचं. अठ्ठावीस पानांत त्याचा एक शब्द नव्हता. ना अपाक, ना पुढे विल्यमनं ती १४० एकर विकल्याची नोंद. मुलगा ओहायोत गेला तर जमीन काय खिशात घालून नेली?

मी त्याला साधंच विचारलं. उत्तर लगेच आलं आणि फार गोड होतं. १४० एकर वेगळ्या सनदेनं मिळाली होती, १७५५ साली. बरं. आता व्हर्जिनियाच्या वसाहतकालीन सनदा रिचमंडच्या ‘लायब्ररी ऑफ व्हर्जिनिया’नं कधीच्या चित्रांसकट खुल्या केल्या आहेत. नाव टाकून शोधायचं, एक पैसा पडत नाही. मी त्या आडनावाची सगळी वेडीवाकडी स्पेलिंगं टाकून बघितली. तसली सनद नाही. मग मी मृत्युपत्राच्या मूळ पानाचा फोटो मागितला. म्हणाला, ते पुस्तक यादवी युद्धातल्या आगीत गेलं, माझ्याकडे जुनी नक्कल आहे.

ही थाप मारणाऱ्याचं कौतुक वाटतं, कारण ती अर्धी खरी आहे. व्हर्जिनियातल्या बऱ्याच काउंट्यांचे कागद खरोखर जळाले. काहींनी सुरक्षित राहावेत म्हणून राजधानीत, रिचमंडला पाठवले आणि एप्रिल १८६५ मध्ये रिचमंडच पेटलं. वंशावळवाल्यांत ‘जळालेल्या काउंट्या’ असा शब्दच रूढ आहे. पण स्टॉन्टनचं कोर्ट ज्या ऑगस्टा काउंटीचं, ती त्यांत नाही. तिचे कागद १७४५ पासून शाबूत आहेत.

आणि ‘१७४५ पासून’ लिहिताना दुसरी ठेच लागली. अहवालात १७४१ च्या खरेदीखताला संदर्भ दिला होता ‘ऑगस्टा, खरेदीखत पुस्तक १’. ऑगस्टा काउंटी कायद्यानं १७३८ साली झाली हे खरं, पण तिचं कोर्ट बसलं १७४५ च्या अखेरीस. तोवर त्या खोऱ्यातले दस्त ऑरेंज काउंटीत नोंदले जात. म्हणजे जे कोर्टच सुरू झालं नव्हतं, तिथे जाऊन हा गृहस्थ खत बघून आला होता! वाई तालुका व्हायच्या आधी वाईच्या कचेरीत नोंद सापडल्यासारखं.

ऑरेंजच्या पुस्तकात खरं खत होतं. तेही गमतीचं. अहवालात ठळक अक्षरांत लिहिलं होतं की जॉननं ३७० एकर ‘अवघ्या पाच शिलिंगांना’ घेतली. आम्ही जेवणाच्या टेबलावर ते किती कौतुकानं सांगितलंय! प्रत्यक्षात तेव्हाची पद्धत अशी की आदल्या दिवशी पाच शिलिंगांचा नाममात्र भाडेपट्टा करायचा आणि दुसऱ्या दिवशी मालकी सोडल्याचं खत. पहिल्यात पाच शिलिंग, दुसऱ्यात खरी किंमत. दोन्ही कागद पुस्तकात पाठोपाठ असतात. या माणसानं पान उलटलं नव्हतं, किंवा पुस्तकच बघितलं नव्हतं.

मृत्युपत्राचं पान मला एका शुक्रवारी रात्री सापडलं. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर काउंट्यांच्या जुन्या पुस्तकांच्या पानांची मायक्रोफिल्मवरून घेतलेली चित्रं आहेत, खातं फुकट उघडता येतं. नोंदणीपुस्तकातलं ते पान म्हणजे कारकुनानं केलेली नक्कल असते, मूळ कागद नव्हे, पण कोर्टानं मानलेली नक्कल. तपकिरी झालेली शाई, अक्षर बारीक आणि उजवीकडे कललेलं, मधल्या ‘एस’चा लांब आकार ‘एफ’सारखा, त्यामुळे पहिली दहा मिनिटं मी सगळं बोबडं वाचत होते. सुरुवात ‘देवाच्या नावे, आमेन’. मग प्रत्येक देणं ‘आयटम’ या शब्दानं सुरू. आयटम, थोरल्याला. आयटम, मधल्याला. घोडा होता. गाई होत्या. धाकट्या मुलीच्या पिसांच्या गादीनंतर पुढचा ‘आयटम’ थेट कर्जफेडीचा. मी स्क्रीनवर बोट ठेवून तीनदा वाचलं. गादी, मग कर्ज. मध्ये विल्यम नाही. ओळीत फट नाही, खाडाखोड नाही, समासात काही घातलेलं नाही.

मृत्युपत्र खरं होतं, जॉन खरा होता, साक्षीदार खरे होते. खोटं होतं एक वाक्य. मोडी येत नसलेल्या माणसाला जुना कागद वाचून दाखवताना एक ओळ जास्तीची म्हणावी, तसं.

ही युक्ती त्याची स्वतःचीही नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुस्ताव्ह आंजू नावाचा, स्वीडनमध्ये जन्मलेला एक इसम न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर राहून श्रीमंत अमेरिकनांना मनाजोगत्या वंशावळी करून द्यायचा. खऱ्या नोंदींच्या गर्दीत खोटी मृत्युपत्रं मिसळून. तो १९४२ साली मेला, त्याच्या वंशावळी अजून ग्रंथालयांत आहेत आणि लोक अजून त्यांतून उतरवून घेतात. आमच्या गावात हेळवी यायचे, घराण्याच्या पिढ्या धडाधडा म्हणायचे आणि शेरभर जोंधळे घेऊन जायचे. त्यांनी कधी लाल मोहोर लावली नाही.

पैसे गेले. बँकेनं सांगितलं, तुम्ही स्वखुशीनं पाठवलेत. राज्याच्या ग्राहक तक्रार विभागाकडे अर्ज केलाय, पोच आली आहे. पानाचा फोटो पाठवल्यापासून त्या माणसाचं उत्तर नाही.

नंतर आम्ही दुसऱ्या एका बाईंकडे काम दिलं. इथे वंशावळतज्ज्ञांना त्यांच्या कामाचे नमुने तपासून प्रमाणपत्र देणारं एक मंडळ आहे, ‘बोर्ड फॉर सर्टिफिकेशन ऑफ जीनिऑलॉजिस्ट्स’, १९६४ पासूनचं. प्रमाणपत्र असलेल्यांची यादी कोणालाही बघता येते. नाव तिथे आहे का, एवढं बघायला पाच मिनिटं लागतात. माझी ती पाच मिनिटं २,४५० डॉलरला पडली. या बाईंनी तासावर पैसे घेतले, प्रत्येक कागदाचं चित्र जोडलं, आणि सहा पानांत सांगितलं की त्या काळात त्या खोऱ्यात याच नावाचे किमान तीन विल्यम करयादीत दिसतात, त्यांतला आपला कोणता हे उपलब्ध कागदांवरून ठरवता येत नाही. खरं सांगू? पहिल्या अहवालाइतका आनंद झाला नाही. आपण पैसे देतो ते उत्तरासाठी, आणि समोरच्याला ते आपल्याआधी कळलेलं असतं.

सासूबाईंना सांगायला मला तीन आठवडे लागले. त्या चष्मा लावून मूळ पान वाचत बसल्या, माझ्यापेक्षा भरभर वाचलं त्यांनी. ‘गादी छान दिलीय मुलीला,’ एवढंच म्हणाल्या. चौकट अजून भिंतीवरच आहे. वरच्या नावावर त्यांनी पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली आहे.

खरा घोळ पुढेच आहे. नवऱ्याच्या मामेभावानं तो अहवाल वाढदिवसाच्याच दिवशी एका वंशावळीच्या साइटवर चढवला होता. तिथून तो अकरा जणांच्या वृक्षांत उतरलाय. मी प्रत्येकाला पानाचं चित्र पाठवते आहे. दोघांनी काढला, एकानं ‘तुम्ही पुरावा द्या’ म्हटलं, बाकीचे गप्प आहेत. परवा केंटकीतल्या एका बाईंचा निरोप आला. जॉन त्यांचाही पूर्वज निघतोय म्हणून हरखल्या होत्या, आणि विचारत होत्या: विल्यमच्या त्या १४० एकरांचं पुढे काय झालं, तुम्हाला काही माहीत आहे का?