निवेदन की नुसतं निरीक्षण?

आमच्या वस्तीतली स्केटिंग रिंक बंद पडायच्या बेतात आहे. तिच्यावर दहा मिनिटांचा माहितीपट करायचाय. निवेदन, म्हणजे दृश्यांवर माहिती सांगणारा आवाज, घातलं तर थकलेलं वीजबिल, घटलेली मुलं हे दोन वाक्यांत सांगून होतं. चित्रीकरणाला दोन दिवस पुरे.

निरीक्षणाला, म्हणजे काही न सांगता कॅमेऱ्याने नुसतं बघत राहायला, मात्र महिनाभर जावं लागेल. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांवर चढतो, म्हणून पोट्टे पहाटे साडेपाचलाच येतात. त्याआधी रिंकवरचे काका रिंक झाडतात, सिमेंटच्या भेगेतून बोट फिरवून खडे काढतात. एवढासा खडा चाकाखाली आला की पोट्टं तोंडावर आपटतं. ते बोट निवेदनात कुठून दिसणार? माझा कौल निरीक्षणालाच. काकांना कॉलर माइक लावू, चाकांची खरखर वेगळी घेऊ. बिलाचा आकडा शेवटी पडद्यावर लिहून येईल.