नव्या गेमिंग पीसीवर काय टाकायचं: विंडोज, लिनक्स की दोन्ही?

भाच्याने पीसीची तयारी महिनाभर केली होती. प्रोसेसर कुठला, बोर्ड कुठला, केसमध्ये पंखे किती, हवा कुठून आत घ्यायची, सगळं एका शीटमध्ये. शनिवारी सकाळी ग्रँट रोडला उतरून आम्ही लॅमिंग्टन रोड गाठला, चार दुकानांत भाव काढले, रॅमचा भाव ऐकून चारही ठिकाणी सुस्कारा टाकला (२०२५ संपता संपता ते जे चढले ते चढलेच) आणि दुपारी एका काउंटरवर बिल होत आलं. तेव्हा दुकानदाराने मान वर न करताच विचारलं, "विंडोज डाल दूँ?"

"कितने का?"

"फ्री में. सबको डाल के देते हैं."

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. शीटमध्ये हा रकानाच नव्हता.

मी नको म्हटलं. असं फुकटचं विंडोज चालू करायला कुठलं तरी भलतंच टूल वापरलेलं असतं, आणि ते चालावं म्हणून अँटिव्हायरसला बऱ्याचदा गप्प बसवलेलं असतं. त्याच पीसीवर पोरगं स्टीमचं, म्हणजे खेळ विकत घ्यायच्या ऑनलाइन दुकानाचं, खातं उघडणार, ज्यात त्याच्या तीन वाढदिवसांचे पैसे गेलेत, आणि ताई त्यावरूनच विजेचं बिल भरणार. पीसी कोराच मुलुंडला आणला. टॅक्सीने. काचेची केस घेऊन लोकलमध्ये चढायची माझी छाती नाही.

रविवारी जे बोलणं झालं ते इथे लिहितोय, कारण हाच प्रश्न ऑफिसातही दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतं. मी स्वतः घरी लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणाऱ्या फुकट सिस्टीमवर, खेळतो, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते आधीच कबूल.

आधी खेळांची यादी

भाच्याला म्हटलं, आठवड्यात खरंच जे खेळतोस ते लिही. सेलमध्ये घेऊन ठेवलेलं नको, खेळतोस ते. त्याने पहिलंच नाव लिहिलं: व्हॅलोरंट.

"मग संपलं," मी म्हटलं. "विंडोज."

"मामा, तू तर लिनक्सवाला ना?"

असेना का. व्हॅलोरंटबरोबर व्हॅनगार्ड नावाचा पहारेकरी, म्हणजे लबाडी करून खेळणाऱ्यांना पकडणारं अँटी-चीट, येतो. तो पीसी सुरू होतानाच जागा होतो आणि थेट कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या पार गाभ्यात जाऊन बसतो. लिनक्सवर विंडोजचे खेळ चालतात ते प्रोटॉनमुळे, आणि प्रोटॉन खेळाला विंडोजचं नुसतं वातावरण उभं करून देतो. खाली विंडोजचा कर्नल नसतोच, मग पहारेकरी बसणार कुठे? २०२४ मध्ये व्हॅनगार्ड लीग ऑफ लेजंड्सलाही लागला आणि तोवर लिनक्सवर बरा चाललेला तो खेळही गेला. त्याच वर्षी एपेक्स लेजंड्सने लिनक्सचं दार लावून घेतलं, आणि जीटीए ५ च्या ऑनलाइन भागाला नवं अँटी-चीट लागल्यावर तोही बंद झाला. कथेचा भाग मात्र अजून मजेत चालतो. फोर्टनाइट नाही, पबजी नाही, वॉरझोन नाही, बॅटलफील्ड ६ नाही, ईए एफसीचे अलीकडचे भाग नाहीत.

यात लिनक्सचा दोष किती, हा वाद रात्रभर चालू शकतो. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन्ही प्रसिद्ध यंत्रणा लिनक्सवर चालू शकतात, पण ती मुभा देणं खेळ बनवणाऱ्याच्या हातात असतं. एल्डन रिंगवाल्यांनी दिली, बऱ्याच जणांनी दिली नाही. संध्याकाळी सातला चार मित्र डिस्कॉर्डवर वाट बघत असतील तर दोष कोणाचा याने काही फरक पडत नाही.

यादीत पुढे काउंटर-स्ट्राइक २ होतं. ते लिनक्सवर थेट चालतं, प्रोटॉनसुद्धा लागत नाही. फक्त फेसइटवर, म्हणजे त्याचे सामने लावणाऱ्या बाहेरच्या सेवेवर, खेळणाऱ्यांना तिथेही विंडोजच लागतं, कारण फेसइटचं अँटी-चीट वेगळं. आणि पिंगची, म्हणजे सर्व्हरपर्यंत निरोप जाऊन यायला लागणाऱ्या वेळेची, काळजी कोणी करू नये. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक या दोघांचेही सर्व्हर मुंबईत आहेत. सिस्टीम बदलून पिंग हलत नाही, वायफाय सोडून केबल लावली तर हलतो.

तुमच्या यादीत वर सांगितलेल्या, लिनक्सवर न चालणाऱ्या खेळांपैकी एकही नाव नसेल, तर खरी निवड आता सुरू होते.

एकट्याने खेळणाऱ्यांसाठी चित्र वेगळं आहे

वाइन हा प्रकल्प १९९३ पासून चालू आहे. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवायचे हा त्याचा एकच ध्यास. २०१८ मध्ये स्टीमच्या मालक कंपनीने, व्हॉल्व्हने, त्याच्यावर प्रोटॉन उभा केला, डायरेक्टएक्सच्या (विंडोजवर चित्र काढायच्या तंत्राच्या) हाकांचं व्हल्कनमध्ये (लिनक्सवरही चालणाऱ्या तशाच तंत्रात) भाषांतर करणारे थर जोडले आणि सगळं स्टीममध्ये बसवून टाकलं. २०२२ मध्ये स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं यंत्र आलं, आतून लिनक्स असलेलं. तेव्हापासून नवा खेळ आला की तो डेकवर चालतो का, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला जातो, आणि त्याचा फायदा माझ्यासारख्या टेबलावर खेळणाऱ्यालाही होतो. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये स्टीमच्या स्वतःच्या पाहणीत लिनक्सवाले पहिल्यांदाच तीन टक्क्यांच्या वर गेले. तीन म्हणजे शंभरात तीनच, हेही खरं.

माझा रोजचा अनुभव विचाराल तर स्टीमवर खेळ घ्यायचा, इन्स्टॉल दाबायचं, खेळायचं. घेण्याआधी प्रोटॉनडीबीवर एक नजर टाकतो. तिथे लोकांनी दिलेला शेरा असतो, प्लॅटिनम, गोल्ड वगैरे. पण नुसता शेरा बघून थांबू नका. खाली जाऊन आपल्याच ग्राफिक्स कार्डवाल्याने अलीकडे काय लिहिलंय ते वाचा. दोन वर्षांपूर्वीची तक्रार आज बहुतेक वेळा निकालात निघालेली असते.

एपिक या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातले फुकटचे खेळ हीरोइक नावाच्या लाँचरमधून लावता येतात. एक्सबॉक्स गेम पासचे (मायक्रोसॉफ्टच्या वर्गणीवरचे) खेळ मात्र लिनक्सवर डाउनलोड करून चालत नाहीत. ज्याचं अख्खं खेळणं गेम पासवर आहे त्याने पुढचं वाचायचीही गरज नाही.

ग्राफिक्स कार्ड कुठलं घेतलंय?

हा प्रश्न दुकानात जाण्याआधी विचारायला हवा, आणि नव्वद टक्के लोक नंतर विचारतात. एएमडीचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच असतो. कार्ड खोचा, सुरू करा, झालं. एनव्हीडियाचं कार्डही चालतं आणि पूर्वीपेक्षा कितीतरी बरं चालतं, पण डायरेक्टएक्स १२ च्या जड खेळांत तेच कार्ड विंडोजवर जेवढे फ्रेम देतं तेवढे लिनक्सवर बऱ्याचदा देत नाही. रे ट्रेसिंगसाठी (खेळातल्या खऱ्यासारख्या प्रकाशासाठी) मुद्दाम महागडं एनव्हीडिया घेतलं असेल तर त्याचा पुरेपूर वसूल विंडोजवरच.

उलट एएमडीवाल्यांसाठी एक खोच आहे आणि ती मुंबईच्या घरांत हमखास टोचते. दहा बाय बाराच्या खोलीत वेगळा मॉनिटर कुठे ठेवायचा, म्हणून हॉलमधल्या टीव्हीलाच पीसी जोडतात. टीव्हीला एचडीएमआय. आणि २०२४ मध्ये एचडीएमआयचे नियम ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने एएमडीला खुल्या (कोड सर्वांना दिसणाऱ्या) ड्रायव्हरमध्ये एचडीएमआय २.१ देऊ दिलं नाही, त्यामुळे फोरके चित्र १२० हर्ट्झवर पूर्ण दर्जाने हवं असेल तर अडचण येते. डिस्प्लेपोर्टच्या मॉनिटरवर हा प्रश्नच उद्भवत नाही. टीव्हीवाल्यांनी आधी चौकशी करावी.

एचडीआर, म्हणजे उजेड-अंधार जास्त खुलवणारं चित्र, विंडोजवर बटण दाबलं की लागतं. लिनक्सवर केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉपच्या सहाव्या आवृत्तीपासून आलंय, पण थोडं चाचपडावं लागतं. स्टिअरिंग व्हील आणि रंगीत दिव्यांचे कीबोर्ड यांची कंपनीची सॉफ्टवेअर लिनक्सवर येत नाहीत. दिव्यांसाठी ओपनआरजीबी नावाचं सॉफ्टवेअर आहे. व्हीलचं मॉडेल बघूनच ठरवा.

पैसे आणि संध्याकाळी

विंडोज ११ होमचा रिटेल परवाना साधारण दहा हजारांच्या घरात जातो. ओईएम, म्हणजे नव्या पीसीबरोबर विकला जाणारा परवाना, स्वस्त पडतो, पण तो त्या मदरबोर्डला चिकटतो. बोर्ड गेला की तोही गेला. रिटेल पुढच्या पीसीवर नेता येतो. काही शे रुपयांत मिळणाऱ्या 'ओरिजिनल की' आज चालतात, आणि उद्या बंद पडल्या तर दाद मागायला कोणी नसतं. विंडोज १० वर राहण्याचा विचार नव्या पीसीसाठी सोडून द्या. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा आधार संपला.

लिनक्सला पैसे पडत नाहीत. खर्ची पडतात त्या आपल्या संध्याकाळी. माझी एक संपूर्ण शनिवार रात्र अशी गेली: जुन्या विंडोजच्या डिस्कवर खेळ आधीच उतरवलेले होते, म्हटलं पुन्हा शंभर जीबी कशाला ओढायचे, तीच डिस्क लिनक्सच्या स्टीमला दाखवली. खेळ उघडायचा, काळा पडदा, बंद. ड्रायव्हर बदलला, प्रोटॉनच्या तीन आवृत्त्या बदलल्या. पहाटे दोनला लक्षात आलं की डिस्क विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत मांडलेली आहे आणि प्रोटॉनचं तिच्याशी पटत नाही. डिस्क लिनक्सच्या एक्स्ट४ पद्धतीत फॉरमॅट केली, सगळं पुन्हा उतरवलं, आणि सकाळी पहिल्या झटक्यात चाललं. चूक सर्वस्वी माझी. पण विंडोजवर ही चूक करायला वावच नव्हता.

विंडोज म्हणजे बिनघोर, असंही नाही. सेटअपलाच इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागतात, स्टार्ट मेनूत न मागितलेल्या शिफारशी दिसतात. आणि भाच्याच्या पीसीवर व्हॅलोरंट टाकल्यावर पहिल्याच रात्री त्याचा फोन आला, "मामा, व्हॅन ९००१ असं काहीतरी येतंय." विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (फक्त सही असलेली सिस्टीमच सुरू होऊ देणारी सोय) दोन्ही चालू लागतात. फोनवर त्याला बायोसमध्ये, म्हणजे बोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, नेलं: सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू व्हायची सोय) बंद कर, एफटीपीएम चालू कर (इंटेलच्या बोर्डवर त्याचं नाव पीटीटी), मग सिक्युअर बूट. वीस मिनिटं लागली, त्यातली दहा 'डिलीट' की कधी दाबायची यात.

दोन्ही ठेवायचं असेल तर

दोन्ही ठेवण्याला माझा विरोध नाही, एकाच डिस्कवर ठेवण्याला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटनंतर अनेकांचं शेजारचं लिनक्स उठेनासं झालं होतं. एकाच डिस्कची फाळणी करण्यापेक्षा दुसरी छोटी एसएसडी घ्या, लिनक्स टाकताना विंडोजची डिस्क चक्क काढून ठेवा, आणि सुरू करताना बायोसच्या मेनूतून निवडा.

व्हॅलोरंटसाठी सिक्युअर बूट चालू ठेवायचंय, म्हणजे लिनक्सच्या अनेक रूपांपैकी ते मानणारं रूप हवं. उबुंटू आणि फेडोरा सरळ चालतात. खेळांसाठीच बनवलेल्या बझाइटला पहिल्या वेळी एक चावी नोंदवावी लागते, निळा पडदा येतो, घाबरू नका. आर्चच्या घराण्यातल्यांना, उदाहरणार्थ कॅचीओएसला, जास्त खटपट करावी लागते.

दुसरं, बिटलॉकर. नव्या विंडोज ११ मध्ये खात्याने लॉगिन केलं की डिस्क बहुतेक वेळा आपोआप कुलूपबंद होते. मग बायोसमध्ये हात घातला की ४८ आकडी किल्ली मागू शकते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते, पण मी ताईच्या दुधाच्या हिशेबाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवायला लावली.

तिसरं गमतीचं. लिनक्स पीसीच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच स्थानिक समजतं. त्यामुळे लिनक्समधून विंडोजमध्ये आलात की रात्री नऊ वाजता घड्याळ दुपारचे साडेतीन दाखवतं. बरोबर साडेपाच तास, म्हणजे आपला आणि ग्रिनिचचा फरक. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगणारी एका ओळीची आज्ञा आहे, ती दिली की मिटतं.

मॅकचं विचारतात म्हणून: तो आधीच घरात असेल तर त्यावर बाल्डर्स गेट ३ आणि सायबरपंक खेळा, छान चालतात. खेळासाठी नवा घेऊ नका. काउंटर-स्ट्राइक २ आणि व्हॅलोरंट दोन्ही त्यावर नाहीत.

लिनक्स पहिल्यांदाच घेणाऱ्याला मी बझाइट सांगतो. सुरू केल्याबरोबर स्टीम तयार, अपडेट बिघडलं तर मागच्या दिवसावर परत जाता येतं. पीसीवर खेळाबरोबर कॉलेजचं कामही करायचं असेल तर लिनक्स मिंट. व्हॉल्व्हचं स्वतःचं स्टीमओएस ऐकायला आकर्षक आहे, पण ते प्रामुख्याने हातात धरायच्या यंत्रांसाठी आणि एएमडीच्या हार्डवेअरसाठी. एनव्हीडियाच्या डेस्कटॉपवर त्याच्या नादी लागू नका.

भाच्याने रिटेल विंडोज घेतलं. यादीतली उरलेली सहा नावं लिनक्सवर चालणारी आहेत, हे त्याला आता ठाऊक आहे, आणि बोर्डवरचा दुसरा एम.२ स्लॉट मी रिकामा ठेवायला लावलाय. एसएसडीचा भाव उतरला की सांग म्हणतो. रोज विचारतो.